ताकदीत पास झालेली सदोष वीट : एका ग्राहक तक्रारीचा अभ्यास

बांधकाम साहित्याच्या तक्रारी ग्राहक आयोगात बहुतेक वेळा एकाच जागी अडकतात. माल खराब आहे हे घरमालकाला दिसत असतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत असतं, गवंड्यालाही कळत असतं. पण तो नेमका कशात खराब आहे आणि तो याच विक्रेत्याकडून आला आहे, या दोन गोष्टी कागदावर येत नाहीत. पुढे मांडलेल्या प्रकरणात त्या दोन्ही आल्या, म्हणून ते सविस्तर लिहावंसं वाटलं. मी स्थापत्य अभियंता आहे. या तक्रारीत तक्रारदाराच्या बाजूने घराची पाहणी करून अहवाल आणि शपथपत्र देण्याचं काम माझ्याकडे होतं. गाव, भट्टी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. गावात सगळ्यांना अजून एकमेकांच्या शेजारी राहायचं आहे.

तक्रारदार जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सोलापूर आणि मराठवाडा यांच्या हद्दीवरचं तालुक्याचं गाव. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी साधारण अकराशे चौरस फुटांचं तळमजल्याचं घर बांधलं. बांधकाम लेबर रेटने, म्हणजे मजुरी मिस्त्रीची आणि माल मालकाचा. नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात जवळच्या एका वीटभट्टीवरून २४,००० विटा आल्या. हजारी भाव ७,५००, एकूण १,८०,००० रुपये. त्यातले एक लाख बँकेतून गेले आणि ऐंशी हजार रोख. पावत्या म्हणजे भट्टीच्या नावाचा शिक्का मारलेली पॅडची पानं, त्यावर गाडीचा नंबर, विटांची संख्या आणि तारीख. पक्कं बिल एकही नाही.

मार्चअखेर गिलावा झाला, एप्रिलमध्ये रंग, मे महिन्यात वास्तुशांत. जून बरा गेला. जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, गिलाव्याच्या खपल्या सुटू लागल्या. ऑगस्टमध्ये न्हाणीघराला लागून असलेल्या आतल्या भिंतीवरही तेच.

भिंतीवर नेमकं काय दिसत होतं, ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खपली गोल, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, आणि आतल्या बाजूला निमुळती. ती हाताने उचलली की मागे एक छोटा खड्डा, आणि खड्ड्याच्या अगदी तळाशी पांढरा ठिपका. नखाने टोकरला की पिठासारखी भुकटी हाताला लागायची. प्रत्येक खपलीमागे असा एक ठिपका होता. ओलीमुळे गिलावा सुटतो तेव्हा तो पट्ट्याने किंवा पापुद्र्याने सुटतो, आणि बहुतेक जोत्याकडून वर चढत जातो. लोणा लागला की भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, फडक्याने पुसलं की जातं आणि वाळलं की परत येतं. सिमेंट कमी पडलेला गिलावा बोटाने घासला तरी वाळू गळते. इथे यातलं काहीच नव्हतं. खपल्यांच्या मधला गिलावा ठणठणीत होता, छिन्नीलाही दाद देत नव्हता.

हा चुनखडीचा प्रताप. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि ओढ्याकाठच्या पोयट्यात चुनखडीचे खडे सर्रास असतात. माती चाळून किंवा नीट मळून ते बाहेर काढले नाहीत तर विटेत जातात. भट्टीत आठशे-नऊशे अंश तापमानाला त्या खड्याचा कळीचा चुना होतो. वीट बाहेर आली की दिसायला लालबुंद, आवाजाला खणखणीत. आत मात्र कळीचा चुना पाण्याची वाट बघत बसलेला असतो. पाणी मिळालं की तो विरतो, आणि विरताना त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. खडा पृष्ठभागाजवळ असेल तर वरचा विटेचा तुकडा आणि त्यावरचा गिलावा दोन्ही उडवून लावतो. जास्त भाजला गेलेला चुना तर फार सावकाश विरतो. आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून बांधकाम उन्हाळ्यात झालं तर पहिल्या पावसापर्यंत सगळं छान दिसतं.

भट्टीवाल्यांना हे ठाऊक असतं. चुनखडीच्या मातीची वीट भट्टीतून निघताच, गरम असतानाच, पाण्याच्या हौदात बुडवून काढायची पद्धत जुनी आहे. त्यात चुना तिथल्या तिथे विरतो आणि पुढचा त्रास वाचतो. त्याला पाणी लागतं, मजुरी लागते, म्हणून ते टाळलं जातं.

पहिलं वर्ष : आश्वासनांचं

गुरुजींनी भट्टीवाल्यांना फोन केला. ते येऊन बघून गेले. बोलणं गोड होतं. "पहिल्या पावसात थोडंफार होतंच गुरुजी, माणूस पाठवतो." ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांचा माणूस आला, खड्डे पुट्टीने भरले, वरून रंगाचा हात मारला. २०२३ च्या पावसाळ्यात जुन्या खड्ड्यांच्या बाजूला नवे खड्डे पडले आणि पूर्वेची भिंतही सुरू झाली. आता फोन उचलले जाईनात. व्हॉट्सॲपवर "बघतो", "या आठवड्यात माणूस येईल", "सध्या सीझन आहे" असे निरोप येत राहिले.

हे निरोप पुढे फार उपयोगी पडले. गुरुजींच्या मुलीने एकही निरोप पुसला नव्हता, आणि प्रत्येक वेळी भिंतीचे फोटो त्याच संभाषणात पाठवले होते. त्यामुळे फोटोची तारीख वेगळी सिद्ध करावी लागली नाही. ज्यांनी विटा विकल्याचंच पुढे नाकारलं, त्यांनीच भिंतीचा फोटो बघून "माणूस पाठवतो" असं लिहिलेलं होतं. या निरोपांची छापील प्रत आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र तक्रारीला जोडलं.

आश्वासनांचा दुसरा परिणाम मात्र धोक्याचा असतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. विक्रेता दुरुस्तीचं आश्वासन देतो म्हणून ही मुदत आपोआप पुढे सरकत नाही. पुष्कळ लोक "ते करून देतो म्हणताहेत ना" या भरवशावर मुदत घालवतात. मला विचाराल तर विक्रेत्याचं दुसरं आश्वासन मोडलं की लेखी नोटीस गेलीच पाहिजे, मग संबंध कितीही घरोब्याचे असोत.

मी घर पहिल्यांदा पाहिलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये. मागच्या पडवीत पत्र्याखाली तीनेकशे विटा रचून ठेवलेल्या होत्या, न्हाणीघराच्या आडोशासाठी म्हणून वाचवलेल्या. त्या बघून मला हायसं वाटलं. वापरून संपलेल्या मालाचा नमुना मिळत नाही आणि तिथेच बहुतेक तक्रारी दुबळ्या होतात. इथे कोरडा, न वापरलेला माल शिल्लक होता. त्या ढिगाला हात लावू नका, ओला होऊ देऊ नका आणि कुणाला एक वीटही देऊ नका, एवढं सांगितलं. त्यातल्या फक्त चार विटा दोन शेजाऱ्यांसमोर फोडल्या. फुटलेल्या तोंडावर पांढरे खडे उघड दिसत होते, तीन ते आठ मिलिमीटरचे. त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे, म्हणजे चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकले. विटेचा लाल भाग तसाच राहिला आणि खडे गडद गुलाबी झाले. सिमेंटच्या संपर्कातही हा रंग येतो, त्यामुळे भिंतीतल्या विटेवर ही चाचणी करून उपयोग नव्हता. जिला सिमेंट कधी लागलंच नाही अशा विटेवर ती केली हे महत्त्वाचं. सगळ्याचं चित्रीकरण ठेवलं, पंचनामा लिहिला, सह्या घेतल्या.

दुसरी गोष्ट भिंतीत सापडली. विटेच्या एका तोंडावर जो खळगा असतो त्यात भट्टीची अक्षरं उमटलेली असतात. पश्चिमेच्या भिंतीतून खिडकीच्या खालच्या भागातल्या दोन विटा सोडवून काढल्या. दोन्हींवर तीच दोन अक्षरं होती, जी पावतीच्या शिक्क्यावर होती आणि पडवीतल्या ढिगावरही होती. सिमेंटच्या पिशवीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, सळईवर कंपनीचं नाव आणि ग्रेड कोरलेली असते; विटेला ओळख देणारी एवढी एकच खूण असते आणि ती गिलाव्याखाली गाडली जाते. घर बांधताना विटांचा फोटो कुणी काढत नाही. काढायला हवा, अक्षरांची बाजू वर करून.

तक्रार

नोटीस ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीकृत टपालाने गेली. उत्तर आलं नाही. तक्रार फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-दाखिल पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात दाखल झाली. (ही सोय आता ई-जागृती या नव्या पोर्टलवर आहे.) जिल्हा आयोगाचा अधिकार ५० लाखांपर्यंतचा, आणि तो मोजायचा भरलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईचा त्यात हिशेब नाही. १९८६ च्या कायद्यात दोन्हींची बेरीज धरत असत. ही नवी पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही, त्यामुळे १,८०,००० च्या या व्यवहारात गुरुजींना तक्रारीचं शुल्क काहीच पडलं नाही. वकीलही सक्तीचा नसतो. त्यांनी तरुण वकीलबाई लावल्या आणि ते योग्यच झालं, कारण समोरच्या बाजूला अनुभवी वकील होते.

तक्रार कुणाविरुद्ध करायची यावर घरात बराच खल झाला. वकीलबाईंचं म्हणणं, मिस्त्रीलाही सामील करावं, नाहीतर भट्टीवाले सगळं खापर त्याच्यावर फोडतील. गुरुजी तयार नव्हते. मिस्त्रीने माल आणला नव्हता, निवडला नव्हता, आणि गिलावा त्याने चांगला केला होता हे माझा अहवालही सांगत होता. शेवटी एकट्या भट्टीवाल्यांविरुद्ध तक्रार गेली, आणि मिस्त्रीचं शपथपत्र गुरुजींच्या बाजूने जोडलं. विटा कोणत्या गाडीतून आल्या, कुठे उतरवल्या, दुसऱ्या कोणत्याही भट्टीची वीट या घराला लागली नाही, बांधण्यापूर्वी विटा भिजवल्या होत्या, हे सगळं त्यात आलं. ज्याच्यावर खापर फुटायचं तोच साक्षीदार झाला. माल ठेकेदाराने आणला असता तर हे जमलं नसतं, तिथे दोघांनाही प्रतिपक्ष करणं भाग असतं. तशा वेळी बिल ठेकेदाराच्या नावावर असलं तरी घरमालकाने घाबरायचं कारण नाही. कलम २(७) मध्ये खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच धरला आहे.

पक्कं बिल नसणं ही गुरुजींना सगळ्यात मोठी उणीव वाटत होती. झालं उलटच. बिल न देणं हीच कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल देण्याची जबाबदारी विक्रेत्याची. बँकेतून गेलेले एक लाख, शिक्क्याच्या पावत्या, विटेवरची अक्षरं आणि व्हॉट्सॲपचे निरोप यांची सांगड घातल्यावर खरेदी सिद्ध झाली. रोख दिलेल्या ऐंशी हजारांवर मात्र वाद झाला. तेवढ्या विटांच्या पावत्या होत्या म्हणून ते टिकले.

मागण्या तीन होत्या : विटांची किंमत परत, गिलावा आणि रंग नव्याने करण्याचा खर्च, आणि मानसिक त्रासाची भरपाई. आधार दोन घेतले. एक, कलम २(१०) मधली दोषाची व्याख्या. कायद्याने किंवा करारानुसार, उघड किंवा गृहीत, जो दर्जा असायला हवा त्यात काहीही उणीव असली तर तो दोष. दुसरा, २०१९ च्या कायद्याने आणलेलं उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीची उत्पादकावरची जबाबदारी. कलम ८४ प्रमाणे उत्पादनात निर्मितीचा दोष असेल तर ही जबाबदारी उत्पादकावर येते. मात्र उत्पादन दायित्वात हानी म्हणजे त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेची हानी. विटेने गिलावा आणि रंग खराब केला, ती हानी यात येते. खुद्द विटेचं नुकसान येत नाही; ते दोषाच्या वाटेने मागावं लागतं. दोन्ही आधार शेजारी शेजारी मांडले ते यासाठीच.

भट्टीवाल्यांचा बचाव

लेखी म्हणणं ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत द्यावं लागतं. ४५ दिवसांपुढे आयोगाला मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलेलं आहे. भट्टीवाल्यांचं म्हणणं त्या मुदतीच्या काठावर आलं. त्यात चार मुद्दे होते.

पहिला, विटा आमच्या नाहीत. तो अक्षरांपुढे आणि निरोपांपुढे टिकला नाही.

दुसरा, मुदत संपली. शेवटची गाडी जानेवारी २०२२ ची आणि तक्रार फेब्रुवारी २०२४ ची. यावर उत्तर असं की चुना विटेच्या पोटात होता. विटा उतरवून घेताना तो कुणाला दिसणं शक्य नव्हतं. कारण घडलं ते जुलै २०२२ मध्ये, खपल्या पडल्या तेव्हा. वकीलबाईंनी सावधगिरी म्हणून विलंबमाफीचा अर्जही कलम ६९(२) खाली जोडून ठेवला होता. आयोगाने दोष प्रकट झाल्याची तारीख धरली, अर्जाची गरज पडली नाही.

तिसरा मुद्दा मला खरा तुल्यबळ वाटला होता. त्यांनी एका संस्थेचा चाचणी अहवाल जोडला. विटांची दाबशक्ती सरासरी ४.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, पाणी शोषण १५ टक्के. भारतीय मानक आयएस १०७७ मध्ये विटेचा सर्वात खालचा वर्ग ३.५ चा, आणि शोषणाची कमाल मर्यादा त्या वर्गाला २० टक्के. म्हणजे वीट मानकात बसते, मग दोष कसला? अहवाल खोटा नव्हता. विटा खरोखरच मजबूत होत्या. वाचणाऱ्याला पटेल असा हा युक्तिवाद होता, आणि इथे कित्येक तक्रारी फेटाळल्या जाऊ शकतात.

उत्तर त्याच मानकात होतं. आयएस १०७७ मध्ये आकड्यांच्या कोष्टकाआधी विटेच्या सर्वसाधारण गुणवत्तेबद्दल लिहिलं आहे : वीट भेगा, दोष आणि मोकळ्या (म्हणजे न विरलेल्या) चुन्याचे खडे यांपासून मुक्त असावी. याला आकडा नाही म्हणून प्रयोगशाळा ते आपणहून तपासत नाहीत. विटेच्या चाचण्यांचं मानक आयएस ३४९५ आहे. त्याचे चार भाग : दाबशक्ती, पाणी शोषण, लोणा आणि वाकडेपणा. चुना फुटतो का, हे बघणारा भाग त्यात नाही. तेव्हा "आयएस ३४९५ प्रमाणे चाचणी करा" एवढंच लिहून विटा पाठवल्या तर अहवाल चांगलाच येणार आणि तक्रारदार हरणार.

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल इथेच लागला. आयोगाकडे कलम ३८(२)(ग) खाली नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अर्ज केला, तेव्हा काय तपासायचं हे आम्ही अर्जातच लिहून दिलं. विटा कापून पृष्ठभागावर आणि आत चुन्याचे खडे आहेत का, असल्यास किती विटांत आणि किती आकाराचे. त्या विटा पाण्यात ठेवून नंतर दमट ठेवल्यावर फुटतात का. आणि आयएस १०७७ मधली मोकळ्या चुन्याबद्दलची अट त्या पाळतात का. दाबशक्ती आणि शोषण मुद्दाम यादीत ठेवलं, म्हणजे लपवलं असं कुणी म्हणायला नको.

नमुने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही बाजूंसमोर घेतले. पडवीतल्या ढिगातून २० आणि भिंतीतून ६ विटा, कापडात बांधून, लाखेचं सील लावून. प्रयोगशाळेचं शुल्क तक्रारदाराला आयोगात भरावं लागतं, ते गुरुजींनी भरलं. कायद्याने अहवालाला ४५ दिवस दिले आहेत; इथे थोडे जास्त लागले. दाबशक्ती ४.६ आली, शोषण १६ टक्के. ढिगातल्या २० पैकी १३ विटांत चुन्याचे खडे, त्यातल्या ९ विटा भिजवल्यानंतर तडकल्या किंवा त्यांचे टवके उडाले. भिंतीतल्या सहाही विटांत विरलेल्या चुन्याचे खळगे. आणि शेवटचं वाक्य : मोकळ्या चुन्याच्या खड्यांबाबतची अट नमुने पूर्ण करत नाहीत.

चौथा मुद्दा : मिस्त्रीने विटा पुरेशा भिजवल्या असत्या तर चुना बांधकामाआधीच विरला असता, सबब चूक बांधणाऱ्याची. यावर मला लेखी प्रश्नावली आली. ग्राहक आयोगात उलटतपासणी बहुधा अशीच लेखी होते. मी उत्तर दिलं की बांधण्याआधी वीट भिजवतात ती सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी विटेने पिऊ नये म्हणून. त्यासाठी काही तास पुरतात. जास्त भाजलेला चुना तेवढ्यात विरत नाही. गवंड्याने आठवडाआठवडा विटा पाण्यात ठेवाव्यात आणि फुटलेल्या बाजूला काढाव्यात अशी अपेक्षा कुणी करत नाही, भट्टीवाल्यांनीही विकताना तसं सांगितल्याचा कागद नाही. चुना हौदात विरवणं हे भट्टीचं काम आहे. अर्धवट भिजवलेल्या विटांमुळे त्रास वाढला असेल का, असाही प्रश्न होता. ती शक्यता मी नाकारली नाही. पण मिस्त्रीच्या शपथपत्राप्रमाणे विटा भिजवल्या होत्या आणि त्याला छेद देणारं काही समोर नव्हतं.

निकाल

निकाल जून २०२५ मध्ये आला. प्रयोगशाळेची चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. सोळा महिने गेले. आपल्याकडच्या एकूण गतीत हे फार वाईट नाही, पण तेवढ्या काळात घरात आणखी एक अख्खा पावसाळा पडून गेला, हे विसरता येत नाही.

आयोगाने तक्रार अंशतः मान्य केली. गिलावा काढणं, खडे कोरून काढणं, जाळी लावून नवा गिलावा आणि रंग यांचं माझं अंदाजपत्रक २,४०० चौरस फुटांचं होतं. गिलाव्याचा दर ६० रुपये आणि रंगाचा १८, एकूण १,८७,२०० रुपये. ते पूर्ण मंजूर झालं, तक्रार दाखल केल्यापासून ९ टक्के व्याजासह. मानसिक त्रासाबद्दल २५,००० आणि तक्रारखर्च १०,०००. विटांची किंमत परत मागितली होती ती नाकारली. विटा भिंतीत आहेत, घर त्यावर उभं आहे, दाबशक्ती पुरेशी आहे, आणि दुरुस्तीचा पूर्ण खर्च दिल्यावर किंमतही देणं म्हणजे दुहेरी भरपाई, असं कारण दिलं.

गुरुजींना हे लागलं. मला मात्र हा भाग बरोबर वाटतो. भरपाईचा हेतू माणसाला दोष नसता तर तो जिथे असता तिथे नेऊन ठेवणं हा आहे. भिंती पाडाव्या लागल्या असत्या तर किंमत मागणं रास्त ठरलं असतं. माझा आक्षेप त्रासाच्या २५,००० ला आहे. खपल्या ताटात पडतात म्हणून दोन पावसाळे स्वयंपाक पुढच्या खोलीत हलवलेल्या घराला ही रक्कम तोकडी आहे, आणि समोरच्याने विक्रीच नाकारल्याचं ज्या निकालात नोंदवलं आहे त्यात तरी ती जास्त हवी होती.

वादात एक मुद्दा अर्धवट राहिला, तो इथे लिहून ठेवतो. भट्टीवाल्यांच्या वकिलांनी असंही म्हटलं होतं की प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय दोष सिद्धच होत नाही, आणि तक्रार दाखल करताना अहवाल नव्हता. इथे नमुने शिल्लक होते म्हणून प्रश्न उरला नाही. पण सिमेंटची शेवटची पिशवीही स्लॅबमध्ये गेली असेल तर? यावर बियाण्यांच्या खटल्यांनी वाट करून ठेवली आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या २०१२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शेतकऱ्याने पुढे चाचणीला लागेल म्हणून बियाणं बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही. सगळं पेरून झाल्यावर नमुना आणला नाही एवढ्यावरून त्याची तक्रार पडत नाही. ज्याने घर बांधलं त्याला हाच न्याय लावा, असं मांडता येतं. तरी सिमेंटच्या बाबतीत कस लागतो, कारण काँक्रीट कमजोर निघालं की पाणी जास्त, क्युरिंग कमी, खडी-वाळूत माती असे दहा पर्याय समोरचा उभे करतो. त्यामुळे पिशवीवरचा आठवडा, परवाना क्रमांक आणि चलन यांचे फोटो, आणि एक सीलबंद पिशवी स्लॅबच्या २८ दिवसांनंतरपर्यंत कोरड्या जागी, एवढं केलेलं बरं. सिमेंट आणि सळईला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा आहे का ते तिथल्या तिथे बघता येतं. चिन्ह असूनही माल मानकाप्रमाणे नसेल तर भारतीय मानक ब्युरो अधिनियम २०१६ च्या कलम ३१ खाली भरपाईची वेगळी वाटही आहे. सळईच्या वजनाला तर प्रयोगशाळाही लागत नाही. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरला किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. लाल विटेला चिन्ह सहसा नसतंच, म्हणून तिच्या बाबतीत बादलीभर पाणी आणि आठवडाभराचा धीर हीच चाचणी. पहिल्या गाडीतल्या दहा विटा भिजवून ठेवाव्यात आणि मग बाकीच्या उतरवून घ्याव्यात.

अपिलाला ४५ दिवस होते. अपील करायचं तर आदेशाच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी राज्य आयोगात भरावी लागते. भट्टीवाल्यांनी अपील केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत. ऑगस्टमध्ये कलम ७२ खाली अर्ज गेला. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस हातात पडल्यावर भट्टीवाले स्वतः घरी आले. दोन हप्त्यांत रक्कम द्यायचं ठरलं, दिवाळीपूर्वी दुसरा हप्ता जमा झाला. व्याजाच्या हिशेबात दीडेक हजारांची तफावत निघाली, ती गुरुजींनी सोडून दिली.

त्याच गल्लीत त्याच हंगामात त्याच भट्टीच्या विटांची आणखी दोन घरं झाली आहेत. कलम ३५ मध्ये समान हिताच्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, पण २०२४ मध्ये त्या दोघांनीही मागे राहणं पसंत केलं. गुरुजींचा निकाल बघून आता ते आले आहेत. एकाच्या भिंतीवर खपल्या २०२४ च्या पावसाळ्यात आल्या, त्याची मुदत अजून शिल्लक आहे आणि तक्रारीचा मसुदा तयार होतो आहे. दुसऱ्याच्या २०२२ मध्येच आल्या होत्या. त्याच्याकडे विटा शिल्लक नाहीत, पावत्या दोनच आहेत, आणि विलंबमाफीच्या अर्जात "ते करून देतो म्हणत होते" यापलीकडे कारण लिहायचं काय, यावर वकीलबाई अजून विचार करताहेत. भिंतीतल्या विटा सोडवून अक्षरं बघण्याचं काम आम्ही या आठवड्यात करणार आहोत.